रक्त कसे घडते? : प्राध्यापक रामलिंगस्वामी यांचे अध्यापन व संशोधन

मराठी भाषेत रक्ताविषयीचे वाक्प्रचार पुष्कळ आहेत. कष्टाळू माणूस रक्ताचे पाणी करतो. आई मुलांसाठी रक्त आटवते. नाते रक्ताचे असते. अन्याय पाहून एखाद्याचे रक्त उसळते. या सर्व प्रयोगांच्या मुळाशी एक समजूत आहे. ती ही की, रक्त हा माणसाला जन्माबरोबर मिळालेला ठेवा असून तो पुढे आटत, सांडत किंवा खर्च होत जातो. तो ठेवा रोज नव्याने घडवावा लागतो, आणि त्यासाठी रोज कच्चा माल पुरवावा लागतो, ही कल्पना या वाक्प्रचारांत कोठेच नाही. यात भाषेला दोष देता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शास्त्रज्ञांनाही रक्त शरीरात नेमके कोठे तयार होते हे माहीत नव्हते. १८६८ साली जर्मनीत अर्न्स्ट नॉयमान याने, व त्याच सुमारास इटलीत ज्युलिओ बिझोझेरो याने, हाडांच्या पोकळीतील मगज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि रक्तपेशींची जन्मभूमी तीच होय असे जाहीर केले. हाडासारख्या कठीण वस्तूच्या पोटात रक्तासारखी प्रवाही वस्तू जन्मास येते, हे ऐकून त्या काळच्या अनेक विद्वानांनी नाके मुरडली. परंतु गोष्ट खरी होती.

गर्भात असताना हे काम आरंभी इतर अवयव करतात. काही महिने यकृत हीच रक्ताची मुख्य कार्यशाळा असते. जन्माच्या सुमारास ते काम अस्थिमज्जेकडे येते. लहान मुलाच्या जवळजवळ सर्व हाडांत रक्त तयार होत असते. मोठ्या माणसात ते मुख्यतः पाठीचे मणके, फासळ्या, छातीचे मधले हाड, कमरेची हाडे व कवटी यांपुरते मर्यादित होते. या तांबड्या मगजात काही थोड्या मूळ पेशी असतात. एका मूळ पेशीपासून दोन निपजतात. एक मूळच राहते, व दुसरी निरनिराळ्या वाटांनी वाढत जाऊन तांबडी पेशी, पांढरी पेशी किंवा रक्त गोठविणारी बिंबिका बनते. बियाणे राखून ठेवून उरलेले धान्य खाणाऱ्या शहाण्या शेतकऱ्याची ही रीत आहे.

आता या कार्यशाळेचा आवाका पाहा. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. बिंबिका आठ-दहा दिवस. पांढऱ्या पेशींपैकी काही तर एखाददुसराच दिवस. जितक्या मरतात तितक्या पुन्हा घडवाव्या लागतात. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात, म्हणजे दर सेकंदास वीस लाखांहून अधिक. एकेका पेशीत हिमोग्लोबिन या रंगद्रव्याचे सुमारे २७ कोटी रेणू भरलेले असतात, आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. श्वासावाटे आत आलेला प्राणवायू या लोहावर बसूनच शरीराच्या कानाकोपऱ्यांत जातो.

या उद्योगातील काटकसर एखाद्या जुन्या वळणाच्या गृहिणीला शोभणारी आहे. प्रौढ माणसाच्या सबंध शरीरात लोह असते ते अवघे तीन-चार ग्रॅम. एका लहानशा खिळ्याइतके. त्यातील सुमारे दोन तृतीयांश रक्तात असते. रोजच्या नव्या पेशींसाठी वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागते, पण अन्नातून शरीर दिवसाकाठी एखाददुसराच मिलिग्रॅम घेते. बाकीचे सर्व लोह मेलेल्या पेशींतून काढून पुन्हा वापरले जाते. ज्याचा खर्च नेमका आहे त्याचा जमाखर्च असा सहज जुळतो. परंतु जिचे रक्त महिन्याच्या महिन्याला जाते, जिला एका गर्भारपणात सुमारे एक ग्रॅम लोह जादा लागते, आणि जिच्या पानात घरातील सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरेल ते पडते, तिचा जमाखर्च जुळत नाही. शास्त्रातील हा साधा हिशेब आणि भारतातील कोट्यवधी स्त्रियांचे आयुष्य यांची गाठ जेथे पडते, त्या जागी उभे राहून ज्यांनी आयुष्यभर विचार केला, अशा एका प्राध्यापकाची ही हकीकत आहे. त्यांचे नाव वुलिमिरी रामलिंगस्वामी. त्यांच्या अध्यापनाचे ठिकाण दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था.

परंतु त्यांच्याकडे वळण्यापूर्वी मुंबईतील एका जुन्या प्रकरणाची आठवण करणे अवश्य आहे, कारण भारतातील या विषयाची सुरुवात मुंबईच्या गिरणगावात झाली. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज वैद्य मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गर्भारपणी एक प्रकारचा तीव्र पांडुरोग होई आणि त्यात कित्येकींचा अंत होई. हाफकिन संस्थेत राहून विल्सबाईंनी या स्त्रियांचे रक्त तपासले. त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने फार कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोहाची उणीव असती तर त्या लहान व फिकट दिसल्या असत्या. म्हणजे उणीव दुसऱ्याच कशाची तरी होती. काही काळ त्यांनी निलगिरीतील कुन्नूर येथेही काम केले. अखेर माकडांवर आणि मग रोगी स्त्रियांवर प्रयोग करून त्यांनी दाखवून दिले की, यीस्टच्या अर्काने, म्हणजे विलायतेत पावाला लावून खातात त्या मार्माइटने, हा रोग बरा होतो. १९३१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढील दशकात निश्चित झाले. ते पालकाच्या पानांतून १९४१ साली वेगळे काढण्यात आले, आणि अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी ते प्रयोगशाळेत बनविले. परळच्या स्त्रियांच्या रक्तातून निघालेला हा धागा आज जगातील बहुतेक गर्भवतींच्या औषधाच्या गोळीपर्यंत जाऊन पोहोचला आहे.

ज्या कुन्नूरला विल्सबाईंनी काम केले, तेथील पोषण संशोधन प्रयोगशाळेतच तरुण रामलिंगस्वामींच्या संशोधनाचा पाया घातला गेला. त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १९२१ रोजी आंध्रातील श्रीकाकुलम येथे झाला. विशाखापट्टणमला वैद्यकीय शिक्षण व ऑक्सफर्डला संशोधन करून ते विकृतिशास्त्राकडे वळले. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या पेशींत काय फेरफार होतात याचा अभ्यास. हा विषय बहुतेकांना मृतांचा वाटतो. शवविच्छेदनाच्या टेबलावर त्याचा आरंभ व शेवट होतो अशी समजूत असते. कुन्नूरला प्रथिनांच्या अभावी सुजलेली, चिडचिडी, केस पिंगट झालेली मुले पाहिलेल्या संशोधकाला ही समजूत मान्य होणे शक्य नव्हते. रोग पेशीत दिसतो हे खरे. पण तो पेशीत सुरू होत नाही, तो ताटात सुरू होतो, हा बोध तेथील कामातूनच पुढे आला.

१९५६ साली संसदेच्या कायद्याने दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डॉ. बी. बी. दीक्षित हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. शिक्षकांनी अध्यापन व संशोधन या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली कराव्यात आणि खाजगी व्यवसाय करू नये, ही या संस्थेची मूळ कल्पना. १९५७ साली रामलिंगस्वामी तेथे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. १९६९ पासून १९७९ पर्यंत ते संस्थेचे संचालक होते, व त्यानंतर १९८६ पर्यंत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे महासंचालक. पण या मोठ्या पदांपेक्षा १९५७ ते १९६९ ही प्राध्यापकपदाची बारा वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात, कारण पुढचे सारे त्यांतून उगवले.

रक्तनिर्मितीचा विषय विद्यार्थ्यास शिकवावयाचा तो पुस्तकातून शिकवून भागत नाही. रोग्याच्या छातीच्या किंवा कमरेच्या हाडात सुई घालून मगजाचा एखादा थेंब ओढून घेतात, तो काचेवर पसरतात, त्यास रंग देतात, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास सांगतात. प्रथम विद्यार्थ्याला जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांच्या गर्दीपलीकडे काही दिसत नाही. हळूहळू डोळा सरावतो. ही मोठ्या केंद्राची निळसर पेशी अगदी बाल्यावस्थेतील; ही तिच्या पुढची, हिच्यात हिमोग्लोबिन भरू लागल्याने रंग बदलतो आहे; या पेशीचे केंद्र आक्रसले आहे; आणि या शेवटच्या पेशीने तर आपले केंद्रच बाहेर टाकून दिले आहे, प्राणवायू वाहण्यास अधिक जागा व्हावी म्हणून. सुमारे आठवडाभराचा हा प्रवास एकाच काचेवर एकाच वेळी पाहावयास मिळतो. जणू एका गावातील पाळण्यापासून पोक्तपणापर्यंतची सर्व माणसे एका चौकात जमली आहेत. प्रत्येक वयाच्या किती पेशी आहेत हे मोजले की कार्यशाळेत काम कोठे अडले आहे ते कळते. लोह नसेल तर पेशी लहान व फिकट. फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्व नसेल तर भलत्याच मोठ्या. आणि कधी कधी पेशी दिसावयास निर्दोष, पण एकूण गर्दीच विरळ. पेशींचे हे अक्षर वाचावयास शिकणे म्हणजे रक्तविकृतिशास्त्र शिकणे होय.

या शेवटच्या प्रकाराने, म्हणजे निर्दोष पण विरळ पेशींनी, रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांपुढे एक प्रश्न उभा केला. कुपोषित मुलांच्या अंगी रक्त कमी असते हे सर्वांस ठाऊक होते. पण ते कशामुळे? मुलास प्रथिने मिळालेली नसतात. त्याचबरोबर लोहही नसते, जीवनसत्त्वेही नसतात. पोटात जंत असतात, अंगात ताप असतो. गरिबी एकेक उणीव वेगळी करून देत नाही. ती सर्व उणिवा एकाच गाठोड्यात बांधून देते. अशा मुलाच्या रक्तावरून कोणती उणीव किती जबाबदार हे ठरविणे म्हणजे शिजलेल्या आमटीतून मीठ वेगळे काढण्यासारखे होते. तेव्हा उणीव एकच ठेवून बाकी सर्व भरपूर द्यावयाचे, असा प्रयोग करणे प्राप्त होते. आणि असा प्रयोग माणसाच्या मुलावर करणे कोणत्याही नीतीत बसत नाही.

म्हणून हा प्रयोग ऱ्हीसस माकडांवर झाला. उत्तर भारतात सर्वत्र आढळणारे हे माकड शरीरक्रियेने माणसास फार जवळचे आहे. रक्तगटातील ऱ्हीसस हे नाव १९४० साली याच प्राण्यावरून पडले. या माकडांना प्रथिने अगदी अल्प देऊन होणारे परिणाम तपासण्यात आले. या कामात रामलिंगस्वामींचे दोन तरुण सहकारी होते : एस. के. सूद व माधव देव. त्यांपैकी डॉ. देव पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेचे संचालक झाले, व कुष्ठरोगावरील लशीच्या संशोधनाकरिता त्यांचे नाव महाराष्ट्रास परिचित झाले. १९६५ साली या तिघांचा निबंध रक्तशास्त्राच्या क्षेत्रातील ‘ब्लड’ या अग्रगण्य अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रथिनांच्या अभावी माकडांत होणारा पांडुरोग आणि त्यात लोहाची होणारी वासलात, हा त्याचा विषय. त्याच वर्षी देव व रामलिंगस्वामी यांनी अशाच माकडांच्या लहान आतड्यातील अस्तराच्या पेशींची मोजदाद करून त्यांच्या उत्पत्तीवर प्रथिनांच्या अभावाचा काय परिणाम होतो हेही प्रसिद्ध केले.

आतडे आणि अस्थिमज्जा या दोन गोष्टी एकत्र का अभ्यासाव्यात, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. शरीरातील अनेक पेशी दीर्घायुषी असतात. पण आतड्याचे अस्तर आणि रक्त या दोन ठिकाणी पेशी सतत मरत व जन्मत असतात. जेथे उलाढाल मोठी तेथे टंचाईचा चटका आधी बसतो. ज्या घरात रोज पाच शेर दळण लागते त्या घराला धान्याचा तुटवडा पहिल्या दिवशीच जाणवतो. शिवाय आतड्याचे अस्तर झिजले म्हणजे जे थोडेफार अन्न पोटात जाते तेही नीट शोषले जात नाही. उणीव अशी उणिवेला जन्म देते.

प्रथिनांअभावी होणारा पांडुरोग लोहाच्या पांडुरोगाहून वेगळा का, याचा उलगडा आजच्या शरीरक्रियाशास्त्राने केला आहे. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचा एक स्राव रक्तात येतो व तो अस्थिमज्जेला तांबड्या पेशी घडविण्याची आज्ञा देतो. शरीराला प्राणवायू कमी पडू लागला की आज्ञा जोराची होते. गरज कमी झाली की ती मंदावते. प्रथिनांवाचून शरीर खंगते, स्नायू आटतात, चलनवलन थंडावते; प्राणवायूची गरज कमी होते, आणि आज्ञाच क्षीण होते. अस्थिमज्जेत काम थांबते ते केवळ माल नाही म्हणून नव्हे, तर मागणीच नाही म्हणून. अशा रोग्याला नुसते लोह पाजून उपयोग होत नाही. आणि अन्न दिले की शरीर भरू लागते, आज्ञा पुन्हा सुटते, व मग एकाएकी लोहाची व फॉलिक आम्लाची खरी टंचाई उघडी पडते. उपचार करणाऱ्याला हा क्रम माहीत असणे किती अगत्याचे आहे हे सांगावयास नको.

त्याच दशकात जगात अन्यत्रही या विषयाला गती आली होती. १९६१ साली कॅनडातील टोरोंटो येथे टिल व मॅक्युलक या दोघांनी उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, अस्थिमज्जेतील एकेका पेशीपासून रक्तपेशींची सबंध वसाहत उभी राहू शकते. मूळ पेशींविषयीच्या अनुमानाला त्यामुळे प्रत्यक्ष पुरावा मिळाला, आणि अस्थिमज्जेच्या रोपणाचे शास्त्र त्यातून दृढ झाले. तिकडे पेशीचे मूळ शोधले जात होते. इकडे दिल्लीत पेशीच्या अन्नाचा हिशेब मांडला जात होता. एक काम मोठे व दुसरे लहान असे म्हणण्याचे कारण नाही. ज्या देशाला जो प्रश्न भेडसावतो, त्या प्रश्नाचे त्या देशातील शास्त्रज्ञांनी सोने करावे, हेच योग्य.

प्रयोगशाळेतील ज्ञान गावात नेऊन त्याची कसोटी पाहण्याची रामलिंगस्वामींची पद्धत होती. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात गळ्याला गाठी येण्याचा रोग, म्हणजे गलगंड, घरोघर होता. १९५६ पासून या खोऱ्याचे तीन विभाग करून दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ व एकात साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांतच आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या मुलांतील गलगंडाचे प्रमाण झपाट्याने उतरले. साध्या मिठाच्या विभागात तसे झाले नाही. मग त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तेथेही तोच गुण आला. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाला या प्रयोगाने मोठे बळ दिले.

साहजिकच असा प्रश्न पडतो की, जे गलगंडाचे झाले ते पांडुरोगाचे का होऊ नये? प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९७० साली भारत सरकारने पोषणजन्य पांडुरोग प्रतिबंधक कार्यक्रम हाती घेतला. गर्भवतींना १०० दिवस रोज एक गोळी द्यावयाची. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व अर्धा मिलिग्रॅम फॉलिक आम्ल. मुंबईच्या विल्सबाईंचा शोध आणि लोहाचा हिशेब या दोहोंचा त्या एका गोळीत मिलाफ होता. गोळीत लोह किती असावे हे पाहण्यासाठी सूद व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने गर्भवतींना लोहाच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन दिल्ली व वेल्लोर येथे अभ्यास केला. तो १९७५ साली प्रसिद्ध झाला. पुढे मात्रा वाढविण्यात आली, किशोरी व बालके यांचा समावेश झाला, आणि २०१८ साली ‘अनीमिया मुक्त भारत’ या नावाने या मोहिमेस नवे रूप देण्यात आले.

तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांचे रक्त कमी आढळले. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ५३ टक्के होते. महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्क्यांच्या घरात आहे. त्याच वयाच्या पुरुषांत मात्र तो २५ टक्के. बोटाच्या टोकातून थेंब घेऊन केलेल्या या मोजणीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, व शिरेतून रक्त घेतल्यास आकडे बरेच खाली येतात, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष बळकट आहे. पण आकडा थोडा खाली आला तरी स्त्री व पुरुष यांमधील दरी काही बुजत नाही.

मीठ आणि रक्त यांतला फरक येथेच आहे. आयोडीन मिठातून गेले की खाणाऱ्यास काही करावे लागत नाही. मीठ राजाच्या व रंकाच्या, पुरुषाच्या व स्त्रीच्या ताटात सारखेच पडते. रक्ताचे तसे नाही. भात, पोळी, डाळी यांत लोह असते, पण त्यांतीलच काही द्रव्ये ते धरून ठेवतात व आतड्याला घेऊ देत नाहीत. जेवणावर लगेच चहा प्यायला तर उरलेसुरलेही जाते. लिंबू, आवळा यांसारखे आंबट फळ खाल्ले तर त्यातील जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पायातून शिरणारे अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. हिवतापात तांबड्या पेशी फुटतात. शरीरात कोठे जुनाट दाह असेल तर यकृतातून निघणारे हेप्सिडीन नावाचे द्रव्य, ज्याची ओळख या शतकाच्या आरंभी पटली, आतड्यातील लोहाची वाट अडवते. मग गोळी पोटात जाऊनही लोह रक्तात जात नाही. गोळ्यांनी पोटात मळमळते, शौचाला त्रास होतो, म्हणून त्या अर्ध्यावर टाकल्या जातात. आणि या सर्वांवर कडी म्हणजे घरातील पंगतीचा क्रम. पुरुष आधी, मुले मग, सून शेवटी.

आयुष्याच्या उत्तरार्धात रामलिंगस्वामी या प्रश्नाच्या सामाजिक मुळाकडे अधिकाधिक वळत गेले. १९८१ साली ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावर त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने एक अहवाल सादर केला. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा या कामात मोठा वाटा होता. आरोग्य हे रुग्णालयांच्या इमारतींवर नव्हे, तर अन्न, शुद्ध पाणी, शिक्षण व लोकांचा सहभाग यांवर अवलंबून असते, असा त्या अहवालाचा सूर होता. पुढे १९९६ साली, जॉन्सन व रोडे या दोन सहलेखकांबरोबर, त्यांनी युनिसेफच्या वार्षिक प्रकाशनात एक लेख लिहिला. आशियाचे कोडे, या अर्थाचे त्याचे शीर्षक होते. कोडे असे : दक्षिण आशियातील देश आफ्रिकेतील अनेक देशांहून अन्नधान्यात व वैद्यकीय सेवेत मागे नाहीत, मग येथील बालके तेथील बालकांहून अधिक खुरटलेली का? लेखकांनी एकेक नेहमीचे कारण घेऊन तपासले आणि बाजूस सारले. अखेर उरले ते असे की, येथील बालक जन्मतःच कमी वजनाचे असते, कारण त्याची आई गर्भारपणी नीट पोसलेली नसते. आणि ती पोसलेली नसते, कारण घरात व समाजात तिचे स्थान कनिष्ठ असते.

विकृतिशास्त्राच्या एका प्राध्यापकाने येथवर यावे, याचे आश्चर्य वाटावयास नको. प्रयोगशाळेत माकडाच्या अस्थिमज्जेविषयी जे तत्त्व त्यांच्या हाती आले होते, तेच त्यांना समाजात दिसले. ज्या पेशीला रोज नवे घडवावे लागते ती टंचाईत पहिली बळी पडते. ज्या व्यक्तीला नवे जीवन घडवावयाचे असते तिचेही तसेच होते. आणि मागणी क्षीण झाली की कार्यशाळा आपोआप मंदावते, हे तर त्याहूनही मर्मभेदक आहे. वर्षानुवर्षे थकून राहण्याची सवय झालेली स्त्री आपल्याला काही होते आहे असे म्हणतच नाही. ती हळू चालते, दम लागला की बसते, आणि बाईच्या जातीला हे असावयाचेच असे समजते. शरीर जसे कमी रक्ताशी जुळवून घेते, तसे मनही घेते. ज्या दुखण्याची तक्रारच होत नाही त्याच्यावर उपचार कोण करणार?

रामलिंगस्वामी २८ मे २००१ रोजी दिल्लीत निवर्तले. १९८६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले होते; त्याआधी भारत सरकारने पद्मभूषण. पण शिक्षकाचे खरे स्मारक त्याचे शिष्य व त्याने मागे ठेवलेले प्रश्न हेच असते. रक्तपेशींच्या निर्मितीवर आजही भारतात कसून संशोधन चालू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात रक्ताच्या मूळ पेशींवर दीर्घकाळ काम झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतही ते झाले. मूळ पेशी गोठवून ठेवता येतात, एकाच्या अस्थिमज्जेवर दुसऱ्याचे प्राण वाचविता येतात, दोषी जनुक दुरुस्त करण्याच्या उपचारांनाही आता मान्यता मिळू लागली आहे. ही प्रगती अभिमानास्पद आहे. परंतु या सर्व नव्या विद्येची फळे ज्यांच्यापर्यंत पोहोचण्यास फार काळ लागेल, अशा कोट्यवधी घरांत आजही रक्ताची कार्यशाळा थोड्याशा लोहासाठी, मूठभर डाळीसाठी व एका लिंबासाठी अडून राहिली आहे.

या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. घरातील मुलीचे व सुनेचे रक्त वर्षातून एकदा तपासून घेणे, गर्भवतीचे हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमच्या खाली असेल तर वैद्याच्या सल्ल्याने गोळ्या नेमाने पुऱ्या करणे, चहा जेवणापासून दूर ठेवणे, पालेभाजीवर लिंबू पिळणे, शेतात पायात वहाण घालणे. आणि सर्वांत अवघड पण सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पंगतीचा क्रम बदलणे. ज्या घरात सर्वजण एकत्र जेवावयास बसतात व जे आहे ते सारखे वाटून घेतात, त्या घराने रामलिंगस्वामींचा निबंध न वाचताही त्यातील सार आचरणात आणले असे म्हणावे लागेल. आईने मुलांसाठी रक्त आटविले असे आपण कौतुकाने म्हणतो. ते रक्त तिला परत मिळावे याची काळजी घेणे हे त्या कौतुकाहून अधिक मोलाचे आहे.